सोम, बुध, शुक्र आणि एक शनिवार

घरात मोठा आजार आला की सर्वांत आधी काय जाते, असे विचारले तर लोक बहुधा पैसा म्हणतील, किंवा झोप म्हणतील. माझ्या मते सर्वांत आधी जातो तो रविवार. कॅलेंडरवरचा लाल आकडा जागेवर असतो, वर्तमानपत्राची पुरवणीही दाराशी येऊन पडते. पण उशिरा उठणे, दुसरा चहा, ‘आज काय करायचे’ हा प्रश्न आणि ‘काही नाही’ हे त्याचे आळसावलेले उत्तर, हे सगळे जाते. आजाराला सुट्टी नसते. तो आपल्या सोयीने आठवड्याचे नवे वार पाडतो. तपासणीचा वार, रिपोर्टचा वार, इंजेक्शनचा वार. उरलेले दिवस या वारांची वाट पाहण्यात जातात.

आमच्या घरी हे वार सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे पडले. माझ्या पतींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, त्याला आता तीन वर्षे होत आली. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास डायलिसिस. सकाळी साडेसहाला घर सोडायचे, सात ते अकरा यंत्राला जोडलेले राहायचे आणि दुपारी घरी यायचे ते पिळून काढलेल्या कपड्यासारखे. वरणभाताचे चार घास कसेबसे पोटात ढकलायचे आणि झोपायचे. संध्याकाळी माणूस जरा माणसात येतो. दुसरा दिवस त्यातल्या त्यात बरा जातो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा.

रुग्णालयाच्या कागदावर दोन रकाने असतात. एक रुग्णाच्या नावाचा आणि दुसरा ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव व नाते’ असा. गेली तीन वर्षे मी त्या दुसऱ्या रकान्यात राहते आहे. बँकेत चौतीस वर्षे काढलेली बाई. त्यामुळे फायली नीट लावणे, तारखा सांभाळणे, विम्याच्या माणसांशी न चिडता बोलणे हे मला जमते. पण त्यामुळे झाले असे की घरात एक शाखाधिकारी आणि एक खातेदार एवढेच उरले. ‘वजन किती?’ ‘सकाळपासून पाणी किती झालं?’ ‘गोळी घेतली?’ एकेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या शिस्तीने कधी बोललो नव्हतो, आणि इतके कमीही.

मला आज लिहायचे आहे ते त्या तीन वारांच्या मधल्या दिवसांविषयी, आणि त्यांतल्या एका शनिवारी आम्ही दोघे सहलीला गेलो, त्याविषयी.

हे मधले दिवस ही तशी नवीच गोष्ट आहे. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांच्या एका पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि त्या नळीतून रुग्णाचे रक्त फिरवून शुद्ध करण्याचे पहिले यंत्र तयार केले. सॉसेज भरण्यासाठी जे पातळ आवरण वापरतात, त्याचीच ती नळी. त्या यंत्रावर पहिला रुग्ण वाचायला १९४५ साल उजाडले. तरीही अडचण होतीच. दर वेळी नवी शीर आणि नवी रोहिणी उघडावी लागे, आणि शरीरात अशा जागा किती असणार? त्यामुळे काही दिवसांपुरता बिघाड असेल तर माणूस तरे. मूत्रपिंडे कायमची गेली असतील तर काही आठवड्यांत आटोपे. १९६० मध्ये अमेरिकेत सिॲटल इथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण पुढे अकरा वर्षे जगला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हातातली रोहिणी आणि शीर कातडीखालीच एकमेकींना जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिला फिस्च्युला म्हणतात. ह्यांच्या डाव्या मनगटाच्या वर ती आहे. बोट ठेवले की आत भुंगा गुणगुणावा तशी थरथर लागते. ती थरथर चालू आहे ना, हे रोज रात्री पाहायचे असते.

म्हणजे या शास्त्राने माणसाला काय दिले, तर मधले दिवस दिले. त्या दिवसांत काय खाऊ नये, काय पिऊ नये, याचा छापील तक्ता मिळतो. ते दिवस घालवायचे कसे, याचा तक्ता कोणाजवळच नसतो.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे: ‘जरा बरं वाटू दे, मग जाऊ.’ टायफॉइडच्या रुग्णाला हे उत्तर ठीक आहे. पण असे कितीतरी आजार आहेत, की ज्यांत ‘बरे वाटणे’ हे स्थानक गाडीच्या वेळापत्रकातच नसते. मूत्रपिंडे गेलेला माणूस मूत्रपिंड बदलेपर्यंत डायलिसिसवर असतो. काहींचे ते बदलले जातच नाही. मग ‘बरे वाटल्यावर’ म्हणजे केव्हा?

आपल्या आजीआजोबांच्या पिढीजवळ यासाठी एक फार चांगला शब्द होता. हवापालट. क्षयावर औषध नव्हते, तेव्हा डॉक्टर रुग्णाला पाचगणीला नाहीतर देवळालीला पाठवीत. पाचगणीचे बेल-एअर हे आरोग्यधाम डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये काढले ते त्यासाठीच. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होऊ लागला आणि हवापालटाची गरज संपली. वैद्यकाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या शब्दाबरोबर एक समजही गेली. आजारी माणसालाही डोळ्यांना नवे काही लागते आणि ते देणे हा चैनीचा नव्हे, शुश्रूषेचा भाग आहे, ही ती समज.

आम्ही सहलीला जाणार हे कळले तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली. माझ्या थोरल्या नणंदबाईंनी फोनवर स्पष्टच विचारले, ‘अगं, एवढ्या आजारी माणसाला घेऊन हिंडायला जाणार? लोक काय म्हणतील?’ त्यात काळजी होती, हे मी जाणते. पण आजाराच्या घरात मोठ्याने हसू नये, नवी साडी नेसू नये, फिरायला तर मुळीच जाऊ नये, हा आपला एक जुना अलिखित नियमही त्यात होता. देवाला गेलेले चालते. शिर्डी, अक्कलकोट, गाणगापूर असे काही सांगितले असते, तर त्याच नणंदबाईंनी प्रसाद आणायला सांगितला असता. दुसऱ्या बाजूला सिनेमावाले. त्यांच्याकडे गंभीर आजाराचा माणूस सहलीला निघाला की ती त्याची शेवटची इच्छाच असते आणि पार्श्वभूमीला व्हायोलिन वाजते. आमच्याकडे यांतले काहीच नव्हते. शुक्रवारी डायलिसिस झाले होते आणि सोमवारी पुन्हा होणार होते. मधे एक शनिवार होता.

कुठे जायचे हे ह्यांनी ठरवावे, असे मी म्हटले. मला वाटले होते महाबळेश्वर म्हणतील. तीन दिवस काहीच बोलले नाहीत. मग एकदा यंत्रावर असताना म्हणाले, ‘भिगवणला जाऊ. पाणी बघून येऊ.’

ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि त्यानंतर कालव्यांच्या कामावर ह्यांनी उमेदीची वर्षे घालवली. भीमेवरच्या त्या धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३० कोटी लिटर. आयुष्यभर पाणी या मापाने मोजलेल्या माणसाच्या वाट्याला आता दिवसाला एक लिटर येते. त्या लिटरात चहा आला, आमटी आली, ताक आले, गोळीबरोबरचा घोटही आला. कारण मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकत नाहीत. प्यालेले सगळे अंगात साठते, पायांवर सूज येते, फार झाले तर फुप्फुसात उतरते आणि श्वास कोंडतो. हे माप प्रत्येकाचे वेगळे असते आणि डॉक्टरच ते ठरवून देतात. पहिल्या आठवड्यात ह्यांनी पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्या आणि मला म्हणाले, ‘बघ, सिंचन खात्यातून निवृत्ती नाहीच.’

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. आधी डॉक्टरांना विचारले. त्यांनी तपासण्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘जा. पण शनिवारीच जा, रविवारी नको.’ कारण सोपे आहे. शुक्रवारी रक्त शुद्ध झालेले, अंगातले जादा पाणी काढलेले. शनिवार म्हणजे सर्वांत हलका दिवस. शुक्रवार ते सोमवार हे आठवड्यातले सर्वांत लांब अंतर. रविवार संध्याकाळपर्यंत अंगात पाणीही साठते आणि पोटॅशियमही वाढते. म्हणून लांबचा प्रवास त्या टोकाला नको.

मग तयारी. ती मी सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारख्या एखाद्या घराला कदाचित ती उपयोगी पडेल. औषधे दोन ठिकाणी ठेवली, एक संच पर्समध्ये आणि एक गाडीत. शेवटचा डायलिसिसचा कागद आणि ईसीजीची प्रत बरोबर घेतली. भिगवणहून बारामती अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि तिथे डायलिसिसची सोय आहे, हे फोन करून विचारून ठेवले. डाव्या हातात घड्याळ नाही, पिशवी नाही, घट्ट बाही नाही. फिस्च्युलावर दाब पडता कामा नये. पाण्याची बाटली एकच, तीही रेघांची. तोंड कोरडे पडले तर चघळायला लवंग आणि वेलची. रस्त्यावर शहाळे दिसले तरी थांबायचे नाही. तुम्हाआम्हाला अमृत असलेल्या त्या पाण्यात पोटॅशियम इतके असते, की अशा रुग्णाच्या हृदयाची लय बिघडू शकते. आणि गाडी चालवायला ओळखीचा एक मुलगा बोलावला. गाडी मला चालवता येते. पण मग मी पुन्हा कामावर आले असते. तीन वर्षांनी आम्ही दोघे गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसलो.

फेब्रुवारीचे दिवस. हडपसर, लोणी, उरळी मागे पडले तसा रस्ता मोकळा झाला. यवतच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे. ह्यांनी तोंड उघडले ते पाटसच्या आसपास. हा कालवा कुठून येतो, त्या गावाने मोजणीला कसा विरोध केला, कुठल्या साहेबांची जीप कुठे रुतली. हे सगळे मी पूर्वी ऐकलेले होते. पूर्वी मी ऐकता ऐकता भाजी निवडत असे. त्या दिवशी हातात काही नव्हते.

कुंभारगावला नावाडी तयारच होता. रोहित पक्षी थंडीत इथे येतात आणि साधारण मार्चपर्यंत असतात. इथल्या मासेमारांच्या कितीतरी मुलांनी पक्ष्यांची नावे पाठ करून त्यावर एक नवा व्यवसाय उभा केला आहे. मराठी नाव सांगतात, इंग्रजी सांगतात, पक्षी कुठून येतो तेही सांगतात. ‘काका, डावा पाय आधी,’ नावाडी म्हणाला. ह्यांनी उजवा हात माझ्याकडे केला. गेली तीन वर्षे मी ह्यांचा हात धरते तो थरथर पाहायला, आणि तो डावा. उजवा हात किती दिवसांनी हातात घेतला, याचा हिशेब मी केला नाही.

पाण्यात दोनएकशे रोहित उभे होते. लांबून पाहिले तर कोणी धुतलेली धोतरे ओळीने वाळत घातली आहेत असे वाटावे. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळत होते. त्यातले बारीक जीव आणि शेवाळ हेच त्यांचे अन्न आणि त्यातूनच त्यांना तो गुलाबी रंग मिळतो. नावाड्याने बांबू थांबवला. आम्ही लांबच थांबलो. थोड्या वेळाने एक थवा आपणहून उठला आणि पंख उघडल्याबरोबर आतला लाल रंग दिसला. या पक्ष्याला अग्निपंख का म्हणतात, ते त्या क्षणी समजते. हे म्हणाले, ‘आम्ही इथे पाणी आणलं तेव्हा हे आमच्या एस्टिमेटमध्ये नव्हते.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘गावंही गेली म्हणा. पळसदेवचं देऊळ गेलं.’ उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसनाथाचे ते जुने देऊळ वर येते. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्याच कोणाचा तरी नातू आमची नाव वल्हवत असावा.

परत काठावर आलो. बाभळीच्या सावलीत गाडीतल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. ड्रायव्हरला जेवायला पाठवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ह्यांनी पाण्याकडे पाहतच सांगितले, ‘मी मुलाची किडनी घेणार नाही. तू त्याला सांग. मी सांगितलं तर तो वाद घालेल.’

हा विषय घरात वर्षभर दबा धरून बसलेला होता. १९९४ च्या कायद्याने नवराबायको, मुले, आईवडील, भावंडे एकमेकांना मूत्रपिंड देऊ शकतात. मी दिले असते. पण मला मधुमेह, त्यामुळे माझे नाव पहिल्याच तपासणीत बाद झाले. मुलगा परदेशातून दर आठवड्याला विचारतो. त्याला दोन लहान मुली आहेत. घरी हा विषय निघाला की कोणीतरी उठून स्वयंपाकघरात जात असे. रुग्णालयात तर शेजारच्या खाटेवर दुसरे कोणी असते.

‘आणि यादीतून मिळाली तर?’ मी विचारले. मेंदुमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत ह्यांचे नाव आहे.

‘ती घेईन. आनंदाने घेईन.’ मग म्हणाले, ‘अजून एक. पुढे कधी मी नुसता यंत्रावरून खाटेवर आणि खाटेवरून यंत्रावर असा झालो, मला काही कळेनासं झालं, तर डॉक्टरांना विचार, थांबायचं का. तू विचार. मुलावर सोडू नको. आत्ताचं नाही हं हे. आत्ता मला हे पक्षी बघायचेत.’

मी ‘हो’ म्हटले. आणखी काही म्हणण्यासारखे नव्हते.

बँकेत नवराबायकोचे संयुक्त खाते उघडताना व्यवहार कसा चालवायचा, ते लिहून घ्यावे लागते. बहुतेक सगळे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ यावर खूण करतात. दोघांपैकी कोणीही, आणि एक गेल्यास मागे राहील त्याने. नव्याने लग्न झालेली जोडपी हसत हसत त्यावर सह्या करीत आणि मी शिक्का मारून पुढचा कागद ओढीत असे. असे शिक्के मी हजारो मारले असतील. पण मागे राहणाऱ्याने काय करायचे, ते खातेदारांनी एकमेकांना सांगून ठेवले आहे का, हे विचारणे बँकेच्या कामात येत नाही. ते सांगायला फॉर्म पुरत नाही. त्याला निवांत जागा लागते, वेळ लागतो, आणि समोर पाहायला एकमेकांच्या चेहऱ्याखेरीज दुसरे काहीतरी लागते. आम्हाला ते त्या पाण्याने दिले.

मग जेवलो. भिगवणचे मासे प्रसिद्ध. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिने जास्त लागतात, म्हणून मासा चालतो; मिठाचे मात्र जपावे लागते, कारण मीठ गेले की तहान येते. खानावळीच्या बाईंना मी आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी मीठ अगदी बेताचे लावून चिलापीचे दोन तुकडे तव्यावर भाजून दिले. ‘रस्सा नको?’ त्यांनी नवलाने विचारले. हे म्हणाले, ‘रस्सा एक लिटरमध्ये बसत नाही हो.’ त्या बाईंना काही कळले नाही, पण ह्यांच्याबरोबर त्याही हसल्या. परतीच्या वाटेवर हे झोपले ते हडपसरपर्यंत. डोके माझ्या खांद्यावर होते आणि चौफुल्यापासून माझा हात बधिर झालेला होता.

या सहलीने प्रकृतीत काही फरक पडला का? नाही. रविवारी ह्यांना थकवा होता. सोमवारी वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा वाढ दर आठवड्याला असते तेवढीच होती, म्हणजे आम्ही पाण्याचे नियम पाळले होते, एवढाच त्याचा अर्थ. रक्ताचे आकडेही पूर्वीसारखेच. तंत्रज्ञ मुलगा सुई टोचता टोचता म्हणाला, ‘सर, आज खुशीत दिसताय.’ त्यावर ह्यांनी त्याला चार तास उजनीचा इतिहास सांगितला. फरक पडला असेल तर तो घरात पडला. ‘पाणी किती झालं?’ हा प्रश्न मी अजूनही विचारते. पण त्याच्या आधी आणि नंतर आता आणखी काही वाक्ये असतात.

त्या केंद्रात आम्ही गेलो त्याची बातमी पसरली, तेव्हा कळले की मधले दिवस सांभाळणारे आम्ही एकटे नाही. एक रिक्षावाले आहेत. आता रिक्षा पुतण्या चालवतो. पण महिन्यातून एकदा तो काका-काकूंना त्याच रिक्षातून खडकवासल्याला नेतो. धरणाच्या भिंतीजवळ दोघे तासभर बसतात. एक भाजलेले कणीस दोघांत. त्याला लिंबू लावायचे, मीठ-तिखट नाही. त्यांचे डायलिसिस सरकारी योजनेतून होते, आठवड्यातून दोनदाच. या सहलीला पेट्रोल आणि कणीस एवढाच खर्च. ‘तेवढ्यात ते मला मालकासारखे वाटतात परत,’ असे त्या बाई म्हणाल्या. म्हणजे माझ्यासारखीच त्यांचीही अडचण.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथे सगळ्या देशातून माणसे येतात आणि कित्येकजण दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत उतरतात. माझी एक मैत्रीण तिथे मदतीला जात असे. वाशीम जिल्ह्यातले एक जोडपे तिच्या लक्षात राहिले होते. बाईंना गळ्याचा कर्करोग. रिपोर्ट यायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत नवऱ्याने त्यांना दादरच्या चौपाटीवर नेले. दोघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ‘आजार नसता आला तर दिसला नसता,’ असे ते गृहस्थ सहजपणे बोलून गेले. हे ऐकायला कसे वाटते, याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

प्रत्येक आजाराचा असा एक मधला दिवस असतो. तो कुठला, हे विचारून घ्यावे लागते. केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी असेल तर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी असतात, जंतुसंसर्गाची भीती असते. तिसऱ्या आठवड्यात माणूस पुष्कळदा सावरतो. मग डॉक्टरांच्या संमतीने गर्दी नसलेल्या जागी जाता येते. उघड्यावरची चिरलेली फळे आणि बर्फाचे सरबत टाळायचे, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सहल तिथेच संपवून थेट रुग्णालय गाठायचे, एवढे मात्र पक्के ठरवून निघायचे. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्यासाठी सोसायटीच्या फाटकापर्यंतची खुर्चीही सहल होऊ शकते. कोणी म्हणेल, फाटकापाशी काय बघायचे? घरात सहा महिने पडून राहिलेल्या माणसाला विचारावे. त्याला तिथे येणारा इस्त्रीवालाही पाहुण्यासारखा वाटतो.

तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. जागा आजारी माणसाने निवडावी. आपल्याला ती रुक्ष वाटली तरी चालेल. बरोबर गोतावळा नसावा. सगळे प्रेमानेच येतात, पण चारजण आले की आजारी माणसाला त्यांच्यासाठी बरे दिसावे लागते. आणि सोबत करणाऱ्यालाही त्या दिवशी सुट्टी असावी. आमच्याकडे त्या संध्याकाळचा स्वयंपाक कोणी केला असेल? त्याच नणंदबाईंनी. मुगाची खिचडी आणि पापड. ह्यांच्या ताटात पापड वाढायला गेल्या आणि स्वतःच हात मागे घेतला. मग विचारले, ‘पक्षी दिसले का रे?’

आपल्या रेल्वेत कर्करोगाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना, सोबत्यासह, तिकिटात सवलत मिळते. ती उपचारासाठी केलेल्या प्रवासापुरती. नियम म्हणून ते बरोबरच आहे; सहलीला सवलत द्या असे कुठली बँक किंवा सरकार म्हणणार? तो खर्च ज्याचा त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घालायचा. आम्ही तो आता महिन्याच्या औषधांच्या यादीत, शेवटच्या ओळीत लिहितो.

आज रविवार आहे. हे वाचणाऱ्या कित्येक घरांत आतल्या खोलीत कोणीतरी पडलेले असेल आणि बाहेर कोणीतरी गोळ्यांची डबी भरत असेल. डबी भरून झाली की आत जाऊन एवढेच विचारावे: ‘कुठे जावंसं वाटतं?’ उत्तर लगेच येणार नाही. ह्यांना तीन दिवस लागले होते. पण एकदा सुरुवात झाली की थांबत नाही, असाही अनुभव आहे. आमच्या फ्रिजवर, डायलिसिसच्या तारखांच्या शेजारी, ह्यांनी पुढच्या शनिवारांची यादी लावली आहे. पहिले नाव भाटघर. १९२८ मध्ये पुरे झालेले धरण. दुसरे पानशेत, तिसरे वीर. तीन ओळींत तीन धरणे आहेत. चौथी ओळ माझ्यासाठी मोकळी सोडली आहे.